झेनोफोनची पहिली तीन वाक्यं आणि ग्रीक व्याकरणाची निवड

दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) पहिल्या पानापासून वाचत जाऊन कोणी मराठी शिकत नाही. काही अडलं की ते उघडायचं, हवं ते शोधायचं आणि परत मूळ मजकुराकडे यायचं. काळ्यांचं 'हायर संस्कृत ग्रामर' वापरणाऱ्यांनाही ही सवय असते. प्राचीन ग्रीकची मोठी व्याकरणं याच जातीची आहेत. तरीही ग्रीकला हात घालणारे बरेच जण पहिल्याच महिन्यात असा आठशे पानांचा ठोकळा घेतात आणि उच्चारप्रक्रियेच्या प्रकरणापासून वाचू लागतात. स्वरसंकोचाच्या नियमांपर्यंत पोचेतो दम संपतो आणि भाषा अवघड म्हणून सुटते. भाषेपेक्षा पुस्तक उघडण्याची वेळ चुकलेली असते.

संदर्भ-व्याकरणाची गरज नेमकी कधी लागते ते सांगता येतं. पाठ्यपुस्तकातली नामांची तीन रूपमालिका-कुळं आणि 'ल्युओ' (सोडतो) या धातूची मुख्य रूपं तोंडात बसली, आणि खऱ्या लेखकाचा सलग मजकूर वाचायला घेतला, की पाठ्यपुस्तकाची उत्तरं तोकडी पडायला लागतात. बहुतेकांचा हा पहिला लेखक झेनोफोन, अथेन्सचा अभिजात काळातला गद्यलेखक, असतो. त्याच्या 'आनाबासिस'ची (इराणी राजपुत्र कुरुशच्या स्वारीत गेलेल्या ग्रीक सैनिकांची हकीकत) सुरुवात हीच व्याकरण पारखायची उत्तम कसोटी आहे, असं मला वाटतं. जे पुस्तक घ्यायचा विचार असेल त्यात ही तीन वाक्यं शोधून बघावीत. अर्ध्या तासात कळतं की पुस्तक आपल्या कामाचं आहे की नाही.

आधी वाक्यं. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ वेगळे दाखवता येत नाहीत, तेवढी गैरसोय सोसू या. उलट ख, थ, फ हे महाप्राण मात्र आपल्या लिपीत अभिजात काळातल्या उच्चारासारखेच उतरतात.

पहिलं: दारेइऊ काइ पार्युसातिदोस गिग्नोन्ताइ पाइदेस द्युओ, प्रेस्ब्युतेरोस मेन आर्ताक्सेर्क्सेस, नेओतेरोस दे क्युरोस.

दुसरं: एपेइ दे एस्थेनेइ दारेइओस काइ ह्युपोप्तेउए तेलेउतेन तू बिऊ, एबूलेतो तो पाइदे आम्फोतेरो पारेइनाइ.

तिसरं: हो मेन ऊन प्रेस्ब्युतेरोस पारोन एत्युंखाने, क्युरोन दे मेतापेम्पेताइ आपो तेस आर्खेस हेस आउतोन सात्रापेन एपोइएसे.

अर्थ असा: (इराणचा बादशहा) दारयवहू आणि (त्याची राणी) पार्युसातिस यांना दोन मुलगे होतात, थोरला आर्ताक्सेर्क्सेस, धाकटा कुरुश. दारयवहू आजारी होता आणि आता आपलं आयुष्य संपत आलं अशी शंका त्याला येत होती, तेव्हा दोन्ही मुलगे जवळ असावेत असं त्याला वाटत होतं. थोरला नेमका तिथेच होता. कुरुशला मात्र तो बोलावून घेतो, ज्या प्रांताचा त्याला क्षत्रप केलं होतं तिथून. (सात्रापेस म्हणजे आपला क्षत्रप. नाशिकच्या लेण्यांतल्या नहपानाच्या काळच्या शिलालेखांमुळे हा शब्द आपल्याकडे इराणइतकाच घरचा झालेला आहे.)

आता पुस्तकं. सगळ्यांची नावं घेत बसायची गरज नाही, खरी निवड दोघांतच आहे. एक, हर्बर्ट वेअर स्माइथ यांचं १९२०चं 'ग्रीक ग्रामर फॉर कॉलेजेस'. गॉर्डन मेसिंग यांनी ते दुरुस्त केलं आणि १९५६मध्ये हार्वर्डने 'ग्रीक ग्रामर' नावाने छापलं. दुसरं, २०१९मध्ये आलेलं 'केंब्रिज ग्रामर ऑफ क्लासिकल ग्रीक'. ते एव्हर्ट फान एम्डे बोआस, आल्बर्ट रैक्सबारोन आणि आणखी दोन डच अभ्यासकांनी लिहिलं आहे. जेम्स मॉरवुड यांचं ऑक्सफर्डचं छोटं व्याकरण (२००१) हाताशी ठेवायला छान आहे, रूपमालिका चटकन सापडतात, पण झेनोफोनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानापासूनच ते अपुरं पडू लागतं. दुसऱ्या टोकाला क्यूनरचं जर्मन महाव्याकरण आहे. ब्लास आणि गेर्थ यांनी वाढवलेले त्याचे चार खंड १८९० ते १९०४ या काळात निघाले. अभ्यासकांना त्याच्याशिवाय गत्यंतर नाही, पण त्यातली ग्रीक उदाहरणं भाषांतराविना येतात आणि जर्मन येत नसेल तर ते नुसतं वजनच.

पहिल्या वाक्यातलं पहिलंच कोडं विभक्तीचं आहे. 'दारेइऊ काइ पार्युसातिदोस' ही षष्ठी. मराठी कान 'दारयवहूचे मुलगे' असं ऐकतो आणि पुढे सरकतो. पण ती 'पाइदेस'शी जोडलेली नसून 'गिग्नोन्ताइ'शी जोडलेली आहे: दारयवहूपासून जन्मतात. संस्कृत शिकलेल्याला इथे पाणिनीचं 'जनिकर्तुः प्रकृतिः' आठवायला हवं. जन्मणाऱ्याचा जो उगम, ते अपादान, म्हणून पंचमी. ग्रीकमध्ये पंचमी वेगळी उरलीच नाही, ती षष्ठीत विरघळली. तशाच तृतीया आणि सप्तमी चतुर्थीत विरघळल्या. त्यामुळे ग्रीकच्या पाच विभक्त्यांत आपल्या आठही विभक्त्यांची कामं दाटीवाटीने राहतात.

या ठिकाणी स्माइथ फार उपयोगी पडतो. त्याने षष्ठीची मांडणी करताना मूळची षष्ठी आणि पंचमीची जागा घेणारी षष्ठी असे वेगळे गट केले आहेत, आणि उगमाची षष्ठी दुसऱ्या गटात ठेवली आहे. चतुर्थीचेही मूळ चतुर्थी, तृतीयेची चतुर्थी, सप्तमीची चतुर्थी असे तीन भाग. आठ विभक्त्या लहानपणीच पाठ केलेल्या माणसाला ही मांडणी बघताच घरी आल्यासारखं वाटतं. केंब्रिजची मांडणी निराळी आहे. कोणत्या क्रियापदाला कोणती विभक्ती लागतेच आणि कोणती केवळ जोड म्हणून येते, या अंगाने ते जातं. वाचताना, क्रियापद समोर असताना, ही पद्धत वेगाने उत्तर देते. विभक्ती अशी का आहे हे विचारायचं असेल तर स्माइथ, आणि वाक्य आत्ता कसं लावायचं एवढंच हवं असेल तर केंब्रिज.

'गिग्नोन्ताइ' हा वर्तमानकाळ आहे, गोष्ट मात्र होऊन गेलेली. स्माइथच्या कलम १८८३मध्ये ऐतिहासिक वर्तमान आहे, त्याला लागून १८८४मध्ये बखरीतल्या नोंदीसारखा वर्तमान वेगळा काढलेला आहे, आणि उदाहरण म्हणून झेनोफोनचं हेच वाक्य दिलेलं आहे. तिसऱ्या वाक्यातलं 'मेतापेम्पेताइ' (बोलावून घेतो) हाही वर्तमानच, पण त्याची जात वेगळी. पहिला नोंद करतो, दुसरा कथेला वळण देतो. स्माइथ अशा वर्तमानाला जिवंत, नाट्यमय निवेदनाशी जोडतो. केंब्रिजचं म्हणणं जास्त नेमकं आहे: निवेदक निर्णायक घटना उठून दिसावी म्हणून हा काळ वापरतो. कुरुशला बोलावणं धाडलं नसतं तर पुढचं सगळं महाभारत घडलं नसतं, म्हणून ते वर्तमानात. पुढचं पान वाचताना ही समज हाताशी असेल तर कोणत्या क्रियापदाशी थांबायचं ते आपोआप कळत जातं.

दुसऱ्या वाक्यात संस्कृतवाल्याला हर्ष होईल अशी एक गोष्ट आहे: 'तो पाइदे आम्फोतेरो', चक्क द्विवचन. पण मागच्याच वाक्यात 'पाइदेस द्युओ' होतं, दोन हा आकडा आणि नाम अनेकवचनात. संस्कृतात 'द्वौ पुत्राः' चालणार नाही, ग्रीकमध्ये हे दोन्ही एकाच लेखकाच्या लागोपाठच्या वाक्यांत चालतं, कारण ॲटिक, म्हणजे अथेन्सच्या, बोलीत द्विवचन ऐच्छिक आहे. जोडी म्हणून एकत्र बघायचं तेव्हा ते यायची शक्यता वाढते. नुसती रूपमालिका देणारं पुस्तक हे सांगत नाही. तुमच्या हातातलं पुस्तक द्विवचनाच्या वापराबद्दल दोन ओळी तरी लिहितं का, ते इथे तपासावं.

त्याच वाक्यातलं 'ह्युपोप्तेउए' शब्दकोशात शोधायला गेलात तर ह्युपोप्ते- असं सुरू होणारं काही नीट सापडत नाही असं वाटतं, कारण देवनागरीत न दिसणारा फरक ग्रीक लिपीत आहे: मधला ओ दीर्घ झालेला आहे. मूळ उपसर्ग 'ह्युपो' (म्हणजे आपला 'उप', सख्खा भाऊ), त्याचा शेवटचा स्वर गळला आणि भूतकाळाचा आगम उपसर्गाच्या मागे, धातूच्या पुढे बसला. 'उपागच्छत्' मध्ये अ जसा उप आणि गम् यांच्या मधे बसतो तसाच. संस्कृत आलेल्याला हा नियम नव्याने शिकायचा नाही, फक्त ओळखायचा आहे.

इथपर्यंत संस्कृत मदत करतं. यापुढे सावध राहावं लागतं, आणि आपल्याकडच्या वाचकांची सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच. ग्रीकमध्ये इम्परफेक्ट, ऑरिस्ट आणि परफेक्ट आहेत. रूपांच्या अंगाने ते संस्कृतातल्या लङ्, लुङ् आणि लिट् या तीन भूतकाळांचे भाऊबंद. 'एबे' (तो गेला) आणि वैदिक 'अगात्' एकाच मुळातून आले आहेत. म्हणून विद्यार्थी वहीत समीकरणं मांडतो आणि अर्थही तसेच लावतो. पण अभिजात संस्कृतात हे तिन्ही भूतकाळ बहुतेक वेळा एकमेकांच्या जागी बसतात, कवीला वृत्तात जो बसेल तो. ग्रीक गद्यात असं सहसा होत नाही. 'एस्थेनेइ', 'ह्युपोप्तेउए', 'एबूलेतो' ही तिन्ही इम्परफेक्ट आहेत: आजारी होता, शंका येत होती, वाटत होतं. पडदा उघडताना आधीपासून चालू असलेली स्थिती. ऑरिस्ट वापरला असता तर आजारी 'पडला', शंका 'आली' असा अर्थ झाला असता.

हा भेद संस्कृतातून कळत नाही, पण मराठीतून लख्ख कळतो. झेनोफोनच्याच 'क्युरूपाइदेइआ'मध्ये एक जागा आहे: 'एपेइथोन आउतूस, काइ हूस एपेइसा'. धातू एकच, आधी इम्परफेक्ट, मग ऑरिस्ट. मराठीत सहज उतरतं: 'मी त्यांची समजूत घालत होतो, आणि ज्यांची समजूत पटली' त्यांना घेऊन निघालो. 'घालत होतो' यात प्रयत्न आहे, यशाची खात्री नाही. 'पटली' यात काम पुरं झालं आहे. रूपं संस्कृतावरून ओळखा, अर्थ मराठीवरून लावा, एवढं केलं तर क्रियापदाचं अर्धं ओझं उतरतं. आणि केंब्रिजची काळ व अॅस्पेक्टची (क्रिया चालू की पुरी झालेली, या भेदाची) बाजू स्माइथपेक्षा खूप पुढे आहे. प्रकरण ३३ हे या पुस्तकाचं काळीज. रैक्सबारोन यांनी क्रियापदाच्या अर्थविचारावर आधीच स्वतंत्र पुस्तक लिहिलेलं होतं, त्याचा कस इथे उतरला आहे. संदर्भग्रंथ सलग वाचू नये असं वर म्हटलं, पण ३३वं प्रकरण त्याला अपवाद. ते दोनदा सलग वाचावं, पेन्सिल घेऊन.

मध्यम प्रयोगाचंही काहीसं असंच. जुनी इंग्रजी पाठ्यपुस्तकं 'गिग्नोमाइ', 'बूलोमाइ' अशा धातूंना 'डेपोनंट' म्हणतात, म्हणजे रूप मध्यमाचं पण अर्थ कर्तरी, जणू काही बिघाड झाला आहे. ज्याने आत्मनेपद शिकलं आहे त्याला यात बिघाड दिसायचं कारणच नाही. 'केइताइ' (पडून आहे) म्हणजे 'शेते', 'हेस्ताइ' (बसला आहे) म्हणजे 'आस्ते', 'हेपेताइ' (मागोमाग जातो) म्हणजे 'सचते'. ग्रीक आणि संस्कृत, दोन्हीकडे हे धातू एकाच मुळाचे आणि दोन्हीकडे त्यांचे प्रत्यय मध्यमाचे. यांत कर्त्यावरच परिणाम होतो म्हणून ते मध्यमात आहेत. केंब्रिज यांना फक्त मध्यमात चालणारे धातू म्हणून घेतं आणि अर्थगट पाडून समजावतं. आपल्या वाचकाला तेच जवळचं वाटेल. स्माइथमध्ये डेपोनंट हा शब्द भेटेल तेव्हा 'आत्मनेपदी' वाचावं आणि पुढे जावं.

तिसऱ्या वाक्यातलं 'पारोन एत्युंखाने' ही सर्वांत चांगली कसोटी. शब्दशः 'असणारा असा तो योगायोगाने लागत होता'. इथे खरी क्रिया धातुसाधितात आहे आणि मुख्य क्रियापद फक्त छटा देतं. मराठीत एका शब्दात काम होतं: 'नेमका'. थोरला नेमका तिथेच होता. स्माइथचं कलम २०९६ याबद्दल आहे, केंब्रिजमध्ये धातुसाधिताचं प्रकरण ५२. या प्रकरणाची लांबी बघा. ग्रीक गद्याचा कणा धातुसाधित आहे, आणि ज्या व्याकरणात ते दहा-बारा पानांत उरकलं आहे ते व्याकरण झेनोफोनच्या पुढे सोबत करणार नाही. याच प्रकरणात 'क्युरू बासिलेउओन्तोस' (कुरुश राज्य करत असताना) अशी स्वतंत्र षष्ठी येते. तिला आपल्या सती सप्तमीचं काम दिलेलं आहे. इथे पुन्हा पाणिनी पायात येतो. संस्कृतात या जागी षष्ठी आली तर 'षष्ठी चानादरे', म्हणजे त्याला न जुमानता. 'रुदतः प्राव्राजीत्', तो रडत असतानाही हा निघून गेला. ग्रीक षष्ठीत हा अनादर मुळात नाही. तो वाचला तर कुरुशच्या राज्याचा उगीच अपमान होतो.

वाक्याच्या शेवटचं 'एपोइएसे' ऑरिस्ट आहे, पण मराठीत 'केलं होतं' असं लावावं लागतं, कारण ते गौण वाक्यात मुख्य घटनेच्या आधीचं आहे. आणि 'मेन ऊन'. हे दोन कण म्हणजे बहुतेक पाठ्यपुस्तकांत न भाषांतरलेले छोटे शब्द. 'ऊन' प्रस्तावना संपवून मुद्द्याकडे वळतो, 'मेन' सांगतो की याची दुसरी बाजू लगेच येते आहे, आणि ती 'दे'बरोबर येते: थोरला तर होताच, कुरुशला मात्र... आपले 'तर', 'मात्र', 'च', 'की' यांच्याविना मराठी बोलून बघा, म्हणजे ग्रीक कणांची किंमत कळते. स्माइथमध्ये कणांना कलम २७६९पासून ३००३पर्यंत जागा आहे, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक कलमं, आणि एकेका कणाच्या सगळ्या छटा तिथे मिळतात. केंब्रिजच्या ५९व्या प्रकरणात कण थोडक्यात आहेत, पण मजकूर कसा बांधला जातो या तिसऱ्या भागाचा तो हिस्सा आहे. पुढच्या ६०व्या प्रकरणात शब्दक्रम, आणि अखेरीस निवेदन, वर्णन, युक्तिवाद आणि संवाद असे चार खरे उतारे ओळीने उलगडून दाखवले आहेत. ते चार उतारे सोडू नयेत. कणांनीच वेड लावलं तर डेनिस्टन यांचं 'द ग्रीक पार्टिकल्स' (१९३४, दुसरी आवृत्ती १९५४) आहे, पण ते प्लेटोचे दोन संवाद तरी वाचून झाल्यावर.

म्हणून माझं मत सरळ आहे. आज नव्याने एकच पुस्तक विकत घ्यायचं तर केंब्रिज घ्यावं, आणि स्माइथ फुकट शेजारी ठेवावा. १९२०ची आवृत्ती आता कोणाच्या हक्काची राहिलेली नाही, 'पर्सियस' या संकेतस्थळावर ती कलमवार उपलब्ध आहे आणि 'इंटरनेट अर्काइव्ह'वर छापील पानांची छायाचित्रं आहेत. मेसिंगने बदललं ते मुख्यतः ध्वनिविचार आणि तौलनिक भाषाशास्त्राच्या बाजूचं. कलमांचे ३०४८ क्रमांक तेच आहेत, त्यामुळे टीकाकाराने कोणत्याही आवृत्तीतला क्रमांक दिला तरी तुमची जागा चुकत नाही. जुन्या शालेय टीकांत कलमांचे हवाले स्माइथ किंवा गुडविन या जुन्या अमेरिकी व्याकरणकाराचे असतात, त्यामुळे स्माइथ हाताशी नसला तर अर्ध्या टिपा मुक्या राहतात.

जुनं पुस्तक नव्याने छापून विकतात, तिथे जपून. मागणीनुसार छापणारे विक्रेते कधी छायाचित्रांवरून छापतात, तेव्हा स्वरचिन्हं पुसट येतात. कधी यंत्राने ओळखलेला मजकूर छापतात, तेव्हा ग्रीक अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा येतो. ग्रीकमध्ये श्वासचिन्ह (सुरुवातीच्या स्वराआधी ह आहे की नाही ते सांगणारं) उलटं पडलं की 'हेन' (एक) आणि 'एन' (मध्ये) यांतला फरक जातो. विकत घेण्याआधी नमुन्याचं एखादं पान, तेही रूपमालिकेचं, बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

संगणकावर शोधतानाही एक खोडा आहे. युनिकोडमध्ये आघात असलेल्या ग्रीक स्वरांची दोन वेगवेगळी रूपं आहेत, एक आधुनिक ग्रीकसाठीचं 'तोनोस' आणि एक प्राचीनसाठीचं 'ओक्सिया'. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. शोधणाऱ्या प्रणालीने त्यांना एक मानलं नाही तर शब्द समोर असूनही 'सापडला नाही' असं उत्तर येतं. अशा वेळी शब्दाचा आघात नसलेला तुकडा टाकून शोधावं, किंवा सरळ कलम क्रमांकाने जावं.

सूची हा भाग खरेदीच्या वेळी कोणी बघत नाही आणि पुढची पाच वर्षं तोच भाग सगळ्यात जास्त वापरला जातो. अडचण अशी असते की पारिभाषिक नाव माहीत नसतं, म्हणूनच तर पुस्तक उघडलेलं असतं. म्हणून ग्रीक शब्दांची सूची हवीच. 'त्युंखानो' हा शब्द सूचीत सापडला की नाव माहीत नसलं तरी काम होतं. दोन्ही पुस्तकांत ती आहे. केंब्रिजमध्ये दिलेल्या उदाहरणांची सूचीही आहे, म्हणजे तुम्ही वाचत असलेली ओळ त्यांनी कुठे समजावली आहे का ते थेट बघता येतं. आणि 'आन', 'होस' यांसारख्या दहा ठिकाणी दहा कामं करणाऱ्या शब्दांची एकत्र उजळणी देणारी छोटी प्रकरणं शेवटाकडे आहेत. त्यांची पानं खुणेचा कागद घालून ठेवावीत.

परिभाषेचा घोळ मात्र सहन करावाच लागतो. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत संकेतार्थी वाक्यांना गुडविनपासून चालत आलेली नावं आहेत, 'अधिक ठळक भविष्य', 'कमी ठळक भविष्य' अशा अर्थाची. स्माइथही तीच वापरतो. केंब्रिज त्याच वाक्यांना अपेक्षित आणि संभाव्य अशा अर्थाची नावं देतं. 'आला तर सांगेन' आणि 'आलाच तर सांगेनही' एवढाच हा फरक आहे, पण दोन पुस्तकं एकदम वापरणाऱ्याला आठवडाभर वाटत राहतं की चार वेगळे प्रकार आहेत. पाठ्यपुस्तक कोणत्या घराण्यातलं आहे ते बघून, नावांची एका पानाची जुळणी पहिल्याच दिवशी करून टाकावी. विभक्त्यांचा क्रमही असाच: स्माइथमध्ये प्रथमेनंतर षष्ठी, मॉरवुडमध्ये ब्रिटिश रीतीने प्रथमा, संबोधन, द्वितीया. आपल्याला प्रथमेशेजारी द्वितीया जास्त सोयीची, कारण नपुंसकलिंगात दोन्ही एकच असतात.

होमर वाचणाऱ्याची गोष्ट वेगळी. केंब्रिजचा आवाका अभिजात काळापुरता आहे. हेरोडोटसच्या आयोनिक बोलीसाठी २५वं प्रकरण पुरतं, होमरसाठी नाही. स्माइथने रूपविचाराच्या पानांवर तळाशी बोलींच्या टिपा दिल्या आहेत, त्यांवर पहिली दोन-तीन पर्वं निघतात. पुढे मनरो यांचं होमरच्या बोलीचं व्याकरण (दुसरी आवृत्ती १८९१) तेही फुकट मिळतं, आणि फ्रेंच येत असेल तर शांत्रेन यांचे दोन खंड. नव्या करारासाठी पुन्हा वेगळी वाट. पुण्यातल्या धर्मशिक्षणसंस्थांत जे ग्रीक शिकवलं जातं ते बहुधा याच कराराचं असतं, आणि त्यासाठी ब्लास-डेब्रुनर-फंक (१९६१) किंवा वॉलेस (१९९६) ही व्याकरणं आहेत. ती प्लेटोला लावू नयेत. ॲटिकमध्ये 'हिना' मुख्यतः हेतू सांगतो, कोइनेमध्ये, म्हणजे नव्या कराराच्या काळच्या ग्रीकमध्ये, तो सांगणं, मागणं, इच्छा अशा क्रियापदांपुढेही येऊन तुमन्तासारखं काम करतो. ऑप्टेटिव्ह (इच्छा, शक्यता दाखवणारं क्रियारूप) तर तिथे जवळजवळ उरलेलाच नाही. एका काळाचं व्याकरण दुसऱ्या काळाला लावलं की वाक्य लागतं, पण चुकीचं लागतं.

शेवटचं काम वहीचं. मजकुराच्या समासात नुसतं 'धातुसाधित' लिहून उपयोग नाही, महिन्याने तेच पुन्हा शोधावं लागतं. शब्द, दोन्ही पुस्तकांतले क्रमांक आणि मराठीतली एक जुळणी, एवढं एका ओळीत बसतं. 'आनाबासिस'च्या पहिल्या पानाची नोंद अशी होईल: 'पारोन एत्युंखाने, स्मा. २०९६, कें. ५२, नेमका होता.' पुढच्या वेळी 'त्युंखानो' भेटेल तेव्हा नवी ओळ न लिहिता याच ओळीपुढे नवी जागा टाकायची. वीस-पंचवीस पानांत कोणत्या कलमांकडे आपण पुन्हा पुन्हा जातो ते दिसायला लागतं, आणि मग त्या कलमांच्या आजूबाजूची चार पानं एका बैठकीत वाचून काढायची.